बेळगावात आणि खानापूर, जांबोटीकडेही घरोघरी जाऊन पायांची निगा राखायची, तर सामानासाठी ट्रॉली कशी घ्यावी?

बेळगाव शहरातच फिरणार असाल तर चार छोट्या चाकांची चालेल. पण तुम्ही खानापूर, जांबोटीकडेही जाणार म्हणताय, तर दोन मोठ्या रबरी चाकांचीच घ्या. पावसाळ्यात तांबड्या चिखलात बारकी चाकं रुततात, बसमध्ये चढवताना तर जीव जातो. वरचा कप्पा सुटा हवा, म्हणजे जिन्यावर तेवढाच उचलायचा. आतून कापडी अस्तर नको, पुसता येत नाही.

खरं लक्ष हत्यारांवर द्या. प्रत्येक पेशंटला वेगळा सीलबंद संच, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेला. वापरलेली हत्यारं खालच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात. शुगरवाल्यांना पायाची बारीक जखमही महागात पडते. संवेदना तपासायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे पायाला टेकवल्यावर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू ठेवा, तो खिशातही मावतो.