शिंगाळ्याच्या तोंडातली अंडी

प्रश्न : बाजारातून मोठा शिंगाळा आणला. साफ करताना त्याच्या तोंडातून गोट्यांएवढी पिवळसर अंडी निघाली. सासूबाई म्हणतात, दुसऱ्या माशाची अंडी गिळत असताना जाळ्यात सापडला असेल. खरं आहे का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : सासूबाईंना सांगा, तो अंडीचोर नव्हता, त्या अंड्यांचा बाप होता. गाबोळी पोटात असेल तर मादी. पण शिंगाळ्याच्या तोंडात अंडी दिसली तर तो बहुतेक नरच. अंडी फळली की नर ती तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडून त्यांच्या पोटाला चिकटलेला बलक संपेपर्यंत तिथंच सांभाळतो. हे कित्येक आठवडे चालतं, आणि तेवढे दिवस त्याला उपास!

तोंडच का? श्वासासाठी मासा तोंडातून पाणी घेऊन कल्ल्यांतून सोडतो. तेच पाणी अंड्यांवरून वाहतं, त्यांना प्राणवायू मिळतो आणि गाळही बसत नाही. चिखलाच्या तळावर अंडी टाकली असती तर घुसमटली असती, नाहीतर कोणीतरी मटकावली असती. बांगडा हजारोंनी अंडी पाण्यात सोडतो आणि विसरतो. शिंगाळ्याची अंडी मोजकी, पण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. इतकी मोठी अंडी फार थोड्या माशांची असतात. ती पोटात घडवताना मादीची बरीच ताकद खर्च होते. पुढची पाळी नराची. मला तरी ही वाटणी रास्त वाटते.

तुम्हाला सापडली ती सगळी नसावीत. जाळ्यात धडपडताना नर बरीचशी अंडी ओकून टाकतो. 1980च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत (माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळायची मोठी जाळी) अंडी सांभाळणाऱ्या नरांचे थवेच्या थवे आले आणि अंडी वाया गेली. पुढे तिथली शिंगाळ्याची मासेमारी ढासळली, त्याचं हे एक मोठं कारण. एका नराबरोबर अख्खी वीणच जाते, हे नव्या जाळ्यांच्या कौतुकात कोणी लक्षात घेतलं नाही.

घरबसल्या असा बाप बघायचा असेल तर काचेच्या टाकीतला फायटर मासा बघा. तो पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो, खाली पडणारी अंडी तोंडानं उचलून परत त्यात ठेवतो आणि मादीलाही हाकलतो.

सासूबाईंची खात्री पटत नसेल तर पुढच्या वेळी अशा शिंगाळ्याचं जठर चिरून दाखवा. ते बहुतेक रिकामं निघेल. फक्त आधी पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे कोळणीकडूनच तोडून आणा. ते विषारी असतात, टोचले तर हात ठणकतो.