फियाट द्यायची का दाजींना?

माझ्याकडे समुपदेशनाला येणारे लोक पहिल्या दहा मिनिटांत खरं कारण सांगत नाहीत हा माझा नेहमीचा अनुभव आहे, झोप येत नाही, ॲसिडिटी होतीय, पोरगं अभ्यास करत नाही असं काहीतरी सांगतात. हे सर मात्र खुर्चीत बसले आणि थेट म्हणले, "मॅडम, गाडी मागूलालेत लोक. द्यावी वाटत नाही आन नाही म्हणवत नाही. ह्याच्यावर काही असतंय का तुमच्यात?"

सर म्हणजे शिकवणारेच सर. (लातुरात दगड भिरकावला तर कुण्या तरी सरालाच लागतो, त्यामुळं एवढ्यावरून कुणाची ओळख पटायची भीती नाही. शिवाय सरांना आणि त्यांच्या बायकोला विचारून आणि तपशील बदलूनच लिहितेय.)

गाडी म्हणजे 1978 ची प्रीमियर पद्मिनी. आपल्याकडं तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाटच. वडलांनी 86 साली एका कापड दुकानदाराकडून जुनी घेतलेली, फिकट निळी, स्टिअरिंगला गिअर, चोक ओढून चालू करायची. वडील गेले आणि सर ती सांभाळतायत, आणि सांभाळतायत म्हणजे कशी तर 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं लातूरला तेव्हासुद्धा हे माणूस रोज सकाळी फडकं ओलं करून गाडी पुसायचं. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं, नंतर. "आम्ही भांड्याचं पाणी झाडाला घालायचो मॅडम, आन झाडाच्या आधी नंबर फियाटचा."

तर मागणारे कोण? सगळेच. लग्नसराईत तर विचारूच नका. नवरदेवाच्या परण्याला, म्हणजे लग्नाच्या मिरवणुकीला, आता लोकांना फियाट पाहिजे, घोडा जुना झाला. त्यात 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, टीव्हीवर फेसबुकवर सगळीकडं तेच, आणि तेव्हापासून ज्यांनी दहा वर्षं "भंगारात घाला की सर" म्हणून सांगितलं होतं तेच लोक किल्ली मागायला लागले.

सर नाही म्हणायचे नाहीत. ते बहाणा सांगायचे. बॅटरी उतरलीय, क्लचप्लेट गेलीय, इन्शुरन्स संपलाय, मेकॅनिक उदगीरला गेलाय. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी त्यांचे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे मालक, एक दिवस स्वतःचा मेकॅनिक आणि नवी बॅटरी गाडीत घालून दारात हजर. "चला, बसवून टाकू." आता गाडी तर एका झटक्यात चालू झाली, कारण ती आदल्याच संध्याकाळी औसा रोडला फिरून आलेली. दाजी काही बोलले नाहीत. बॅटरी तशीच परत डिकीत ठेवली आणि चहा न घेता गेले. चहा न घेता जाणं म्हणजे आपल्याकडं काय असतं ते सांगायला नको.

त्याच आठवड्यात सर माझ्याकडं आले.

आता माझी चूक सांगते, कारण समुपदेशकांच्या गोष्टीत समुपदेशक कायम बरोबर असतो आणि ते वाचून मलाच कंटाळा येतो. मी ऐकून घेतलं, भीती किती ते 1 ते 10 मध्ये विचारलं (9 म्हणले), आणि मला वाटलं ही सरळ चिंतेची केस आहे. माणूस ज्याला भितो ते टाळतो, टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती वाढते, मग थोडं थोडं करून त्याला सामोरं न्यायचं. हे शास्त्र खोटं नाही. पण मी म्हणलं, "सर, एकदा देऊन तर बघा." दाजींच्या पुतण्याचं लग्न होतं मे महिन्यात. समेट पण होईल आणि भीती पण जाईल, असा माझा हिशोब. थोडं थोडं म्हणता म्हणता मी त्यांना सगळ्यात वरच्या पायरीवरून ढकललं होतं आणि मला ते कळलंही नाही.

मला फियाटमधलं शून्य कळतं. परणं म्हणजे काय, तर बँडच्या मागं दोन तास पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं. चालवायला नवरदेवाचा दोस्त, त्याला खाली पायाजवळ गिअर असलेली नवी गाडी माहीत. त्यानं क्लच अर्धा दाबून ठेवला दोन तास. मेचं ऊन, गाडी पळत नाही म्हणून वारं लागत नाही, आणि ह्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, तो तापला की पेट्रोलची आतच वाफ होते आणि गाडी बंद. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि बिडी ओढत बसायचे दहा मिनिटं. ह्या पोराला ते कोण सांगणार, तो सेल्फ मारत बसला. मारुतीच्या देवळापर्यंत फियाट वऱ्हाडानं ढकलत नेली, नवरदेव आत बसलेला, व्हिडीओ सगळ्या गावात फिरला. क्लचप्लेट खरोखरच गेली.

"आता मला बहाणा सांगायची गरज नाही मॅडम," सर पुढच्या वेळी आले तेव्हा म्हणले. हसत होते पण मला काही हसू आलं नाही. मी सॉरी म्हणलं. आणि तिथून आम्ही खरं बोलायला लागलो असं मला वाटतं.

मी जे बघितलंच नव्हतं ते हे, की त्यांची सगळी भीती काही उगाच नव्हती. ही गाडी बनायची बंद होऊन वीसच्या वर वर्षं झाली. पार्ट मिळतात पण शोधावे लागतात, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात माणूस पाठवावा लागतो. चारी चाकांना ड्रम ब्रेक, नव्या गाडीसारखा पाय टेकवला की थांबत नाही, आधीपासून अंदाज घेऊन जोरात दाबावा लागतो. पॉवर स्टिअरिंग नाही. पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकला की करकरतो. आणि इन्शुरन्सचं म्हणाल तर पाच वर्षांच्या पुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, कागदावर येणारा आकडा आणि क्रोमचा एक बंपर मिळवायला लागणारा खर्च ह्याचा मेळ बसत नाही. म्हणजे कुणी ठोकली तर पैशानं भरून येणार नाही हे सरांना पक्कं माहीत होतं. अशा माणसाला "सोडून द्या हो, वस्तूच आहे" म्हणणं म्हणजे त्याचं ऐकलंच नाही.

मग आम्ही मागणारे वेगवेगळे केले. दाजींचा धाकटा मुलगा 17 वर्षांचा, तो पण मागायचा, "शेतात बोलेरो चालवतो की मामा." इथं विचार करायचंच कारण नाही. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकावर केस होते, 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 5000 किंवा तुरुंग तीन महिन्यांपर्यंत किंवा दोन्ही, आणि चालवणारा 18 च्या आतला असेल तर 25,000 आणि तीन वर्षांपर्यंत. अपघात झाला तर पुढचं वेगळंच. हे भाच्याला तोंडावर सांगता येतं, त्यात बॅटरीला कशाला बदनाम करायचं.

दुसरे, ज्यांना गाडी नको, फोटो पाहिजे किंवा मिरवायचंय. त्यांना किल्ली कशाला लागते? "मी घेऊन येतो, मीच चालवतो, अर्धा तास" असं म्हणता येतं. सरांना हे कधी सुचलंच नव्हतं, कारण बहाणा सांगणाऱ्या माणसाला मधला रस्ता दिसत नाही, एकदा बॅटरी उतरलीय म्हणलं की मग मी घेऊन येतो कसं म्हणणार?

बहाण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्या मराठवाड्यात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे भांडण समजतात म्हणून आपण सगळे बॅटरी उतरवत बसतो. पण दाजींना राग गाडीचा नव्हताच. मी त्यांना भेटले नाही, पण स्वतःच्या पैशानं बॅटरी घेऊन आलेला माणूस आहे हो तो. त्याला आपण येडं ठरलो ह्याचा राग.

आणि मग तिसरं कोण, तर ह्या भागाला आम्ही चार सेशन घेतले. बोलता बोलता मी सरांच्या बायकोबद्दल सहज विचारलं, ताई चालवतात का? सर म्हणले, "तिनं कधी मागितलीच नाही."

पुढच्या वेळी ताईंना बोलावलं. त्या आल्या आणि पर्स मांडीवर घेऊन म्हणल्या, "मागितली होती. एकदा. 2009 ला. हे म्हणले क्लच जड आहे." ताईंकडं तेव्हापासून लायसन्स आहे, माहेरची व्हॅगनार त्या तुळजापूरपर्यंत नेतात. क्लच जड आहे. आता तुम्हीच सांगा, हा बहाणाच की. बाहेरच्यांना बॅटरी आणि बायकोला क्लच. सर गप्प झाले. मीही गप्प बसले, कधीकधी तेवढंच काम असतं.

त्या सेशनमध्ये अजून एक गोष्ट निघाली. सरांचं मूळ गाव किल्लारीकडं. 30 सप्टेंबर 93 ला पहाटे भूकंप झाला तेव्हा सर 14 वर्षांचे, लातूरच्या घरी होते, घराला नुसत्या भेगा पडल्या. पण नंतर कितीतरी दिवस जमीन हलायची आणि सगळं शहर बाहेर झोपायचं, तेव्हा हे दोघं भाऊ फियाटच्या मागच्या सीटवर झोपायचे आणि वडील पुढं, बसून. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली, सापडलं म्हणून. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणले, "तसलं काही नाही मॅडम. लई मजा आलती तेव्हा. शाळा बंद होती." बरं. माणूस म्हणतोय तर ऐकावं. ताई मात्र त्यांच्याकडं बघत होत्या, इतक्या वर्षांत त्यांना हे माहीत नव्हतं.

ह्या वेळी पायऱ्या मी नाही ठरवल्या, त्या दोघांनी ठरवल्या. आधी उभ्या गाडीत नुसते गिअर. मग रविवारी सकाळी सहाला एमआयडीसीतला रिकामा रस्ता. किती खरचटलेलं चालेल हे सर स्वतः वहीत लिहून आले होते (शिक्षक ना), बंपर चालेल, दार चालणार नाही, गिअर करकरला तर ओरडायचं नाही. ताईंनी शेवटची ओळ स्वतःच्या पेननं अंडरलाईन केली.

दाजींना सरांनी जाऊन सांगितलं, की बॅटरी कधीच उतरली नव्हती, मला गाडी देववत नाही, तुम्हाला कुठं न्यायचं असेल तर मी येतो. दाजी अजून नीट बोलत नाहीत. दिवाळीला आले, चहा घेतला, फियाटकडं बघितलं नाही. चहा घेतला हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. सरांना मी विचारलं, पस्तावा होतोय का. म्हणले, झोप लागतीय.

बाकी कागदोपत्री गाडी 2028 ला पन्नासची होईल, मग व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तसं केलं तर रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. सर म्हणतात नोंदवणार नाही. "हिचं नुकतंच चालू झालंय, आन बंद कुठं करू?"

शेवटचे आले तेव्हा दोघं औश्याला जाऊन आलेले, जाताना येताना ताईच. सर डावीकडं बसून पूर्ण रस्ता नसलेला ब्रेक दाबत होते. "आन मॅडम," सर म्हणले, "डाव्या दाराची काच खडखड वाजती. मला माहीतच नव्हतं."

"सतरा वर्षं सांगूलाले मी," ताई म्हणल्या.