ॲप परदेशी, आभाळ कोल्हापूरचं

लहान खासगी विमानांचं उड्डाण-नियोजन आणि हवामान यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : लायसन्स परदेशात काढलं. तिथे सगळं फोरफ्लाइट या उड्डाण-नियोजनाच्या ॲपवर व्हायचं. आता कोल्हापुरातून उडणार आहे. तेच चालू ठेवू, गार्मिन पायलट घेऊ की स्कायडेमॉन? (शाहूपुरी)

उत्तर : ॲपचं नाव नंतर ठरवा. आधी बघा, त्या ॲपला भारताची माहिती कुठून मिळते. फोरफ्लाइटमध्ये अमेरिकेत जे आपोआप दिसायचं, म्हणजे कॉकपिटमध्ये फुकट उतरणारं रडारचं चित्र, तात्पुरत्या बंद हवाई क्षेत्रांच्या लाल कडा, टॉवर-चिमण्यांच्या खुणा, ते तिथल्या सरकारी यंत्रणेच्या जोरावर. एडीएस-बी रिसीव्हरवर (जमिनीवरून येणारी माहिती विमानात पकडणाऱ्या छोट्या यंत्रावर) हवामान पाठवणारी तसली सेवा आपल्याकडे नाही. रिसीव्हर इथे आणला तर त्यातला जीपीएस कामाला येईल, पावसाचं चित्र मात्र कोरंच राहील. आणि कोरं चित्र म्हणजे निरभ्र आभाळ नव्हे. घोटाळा नेमका इथेच होतो.

स्कायडेमॉन मुख्यतः युरोपसाठी बांधलेलं आहे. गार्मिन पायलट अँड्रॉइडवरही चालतं. फोरफ्लाइटला आयपॅड किंवा आयफोनच लागतो. भारतासाठी जेपसेनचे नकाशे वेगळे पैसे भरून मिळतात, पण त्यांचा भर इन्स्ट्रुमेंट उड्डाणावर, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांच्या भरवशावर उडण्यावर आहे. दिवसा, नजरेनं, शे-दीडशे मैलांत उडणाऱ्याला त्यांचा उपयोग बेताचाच.

आमचं मत असं : कोणतंही एक साधं ॲप घ्या, ज्यात रेघ मारता येते, वाऱ्याचा हिशेब होतो आणि जमिनीची उंची दिसते. अधिकृत माहिती एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या एआयएम इंडिया संकेतस्थळावरून घ्या. तिथे ई-एआयपी (वैमानिकांसाठीचं अधिकृत माहितीपुस्तक) फुकट आहे. कोल्हापूरचं पान व्हीएकेपी या कोडखाली सापडेल : धावपट्टी, फ्रिक्वेन्सी, कामाच्या वेळा. ही माहिती २८ दिवसांच्या चक्रानं बदलते. ॲपमधली तारीख आणि एआयपीची तारीख जुळत नसेल तर एआयपी खरं धरा.

अडथळ्यांच्या बाबतीत ॲपवर अजिबात विसंबू नका. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या किंवा साखर कारखान्याची नवी चिमणी परदेशी ॲपच्या यादीत असेलच याची हमी कोण देणार? जमिनीची उंची उपग्रहाच्या मोजणीवरून येते, ती बरीच भरवशाची. त्यावर माणसानं काय उभं केलं, ते त्या मोजणीत धरलेलं नसतं.

प्रश्न : मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान-अहवालात) ढग ‘बीकेएन ०१५’ आणि दृश्यमानता ६००० मीटर होती. नियमात बसतं म्हणून पन्हाळ्यावरून कोकणाकडे जाता आलं असतं का? (कागल)

उत्तर : नाही. का, ते आकड्यांतच बघा.

बीकेएन म्हणजे अर्ध्याहून जास्त आभाळ झाकणारे ढग. ०१५ म्हणजे १५०० फूट, पण ते विमानतळाच्या जमिनीपासून. उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. म्हणजे ढगाचा तळ ३५०० फुटांवर. तुमचा अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) क्यूएनएचवर, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेला असेल तर त्यात दिसणारा आकडा हाच. पन्हाळा सुमारे ३१०० फूट. मध्ये उरले ४०० फूट, आणि जमिनीपासून किमान ५०० फूट राखायचे हा नियम. म्हणजे नियमानं जायला जागाच नाही. ढगापासून खाली जे अंतर ठेवायचं, ते यात अजून धरलेलंच नाही.

विमानतळाच्या नियंत्रण क्षेत्रात नजरेच्या उड्डाणाला ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १५०० फुटांचं छत (ढगाचा तळ) लागतं. तुमचा मेटार त्यात काठोकाठ बसत होता. पण तो विमानतळापुरता आहे. पश्चिमेचा दमट वारा डोंगराला भिडला की वर चढतो, थंडावतो आणि तिथे ढगाचा तळ आणखी खाली येतो. उजळाईवाडीत आभाळ उंच दिसत असताना आंबा घाट आणि गगनबावडा धुक्यात बुडालेले असतात, हे त्या रस्त्यानं एसटीनं जाणाऱ्यालाही ठाऊक आहे.

जाता जाता : मेटारवरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. ०३३० म्हणजे आपले सकाळचे नऊ. बरीच ॲप्स ती बदलून दाखवतात, काही नाही. सेटिंग एकदा तपासून घ्या, नाहीतर साडेपाच तासांपूर्वीचं हवामान आत्ताचं समजून निघाल.

प्रश्न : विंडी या हवामानाच्या ॲपवर अंदाजाचं एक मॉडेल स्वच्छ दाखवतं, दुसरं पाऊस. कुणाचं ऐकायचं? (इचलकरंजी)

उत्तर : दोघांचं ऐका, आणि ती दोघं कशावर भांडताहेत ते बघा. विंडीवरचं युरोपचं मॉडेल ईसीएमडब्ल्यूएफ साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करतं, अमेरिकेचं जीएफएस २२च्या. एवढ्या मोठ्या चौकटीत जोतिबाचा डोंगर आणि त्याखालचा पंचगंगेचा काठ एकाच सरासरीत जातात. सह्याद्रीची धार मॉडेलमध्ये बोथट होते, म्हणून घाटातल्या ढगाच्या तळाचा आकडा तिथून घेऊच नका. वरच्या थरांतला वारा मात्र घ्या. ५००० फुटांवरचा वारा बहुतेक वेळा हिशेबाला पुरेसा बरोबर निघतो.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचं वेगळं. आज दुपारनंतर या पट्ट्यात गडगडाट होईल, इतपत मॉडेल सांगतं. तो जयसिंगपुरात फुटेल की निपाणीत, हे कुणीच आदल्या दिवशी सांगू शकत नाही. दोन मॉडेल्स वेळेवरून भांडत असतील तर सकाळी लवकर उडा आणि दुपारच्या आत विमान बांधून ठेवा.

निघण्यापूर्वीच्या दोन तासांत मॉडेल बाजूला ठेवायचं. तेव्हा हवामान खात्याचं विमान-हवामान ब्रीफिंग, इन्सॅट उपग्रहाची ताजी चित्रं आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं दामिनी ॲप बघा. दामिनी २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दाखवतं. लहान विमानानं ४०चंच वर्तुळ धरावं. ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पावसाच्या बरीच पुढे धावते, आणि धावपट्टीवर आडवा झोत येतो तेव्हा डोक्यावर ऊनही असू शकतं.

रडारबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गोव्याचं डॉप्लर रडार कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि किरण अर्धा अंश वर रोखलेला असल्यामुळे तो इथे पोहोचेपर्यंत जवळजवळ २.४ किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे सुमारे ८००० फूट. वळवाचे उंच मनोरे त्याला छान दिसतात. जुलैतला घाटातला खुजा, चिवट पाऊस त्याच्या खालून जातो. पावसाळ्यात रडार स्वच्छ आहे म्हणून निघू नका.

प्रश्न : ॲपनं कोल्हापूर ते हुबळीचं इंधन काढून दिलं. तेवढंच भरलं तर चालेल? (गडहिंग्लज)

उत्तर : आधी एकक बघा. अमेरिकन ॲपमध्ये खर्चाचा रकाना बहुधा गॅलनमध्ये असतो. एक अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर. तिथे ३४ लिटरचा आकडा तसाच टाकला तर ॲप तासाला १२९ लिटर धरेल. ते निदान लगेच खटकतं. उलट चूक, म्हणजे लिटरच्या रकान्यात ९ गॅलनचा ९, ही घातक.

हिशेब एकदा हातानं करून बघा. अंतर साधारण ९० नॉटिकल मैल. जमिनीवरचा वेग १०५ नॉट धरला तर ५१ मिनिटं. सेसना १७२ ला तासाला ३४ लिटर धरले तर २९ लिटर. हुबळी बंद पडली तर बेळगाव ४० मैल, २३ मिनिटं, १३ लिटर. दिवसाच्या नजरेच्या उड्डाणाला राखीव ३० मिनिटं नियमात बसतात. आम्ही ४५ सांगू : २६ लिटर. टॅक्सी आणि चढाईचे ६. एकूण ७४. ॲपचं उत्तर याच्या आसपास नसेल तर विमानाच्या प्रोफाइलमध्ये काहीतरी चुकलंय. आणि एव्हगॅस (लहान विमानांचं पेट्रोल) प्रत्येक विमानतळावर मिळत नाही, म्हणून परतीचंही इथूनच धरावं लागतं. मग वजनाचा प्रश्न येतो.

वजन आणि उन्हाळा एकत्र आले की खरी अडचण. ३८ अंशांची दुपार, क्यूएनएच १००८ घ्या. प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून निघणारी उंची) सुमारे २१५० फूट. त्या उंचीचं प्रमाण तापमान १०.७ अंश. फरक २७.३, गुणिले १२० (दर अंशाला १२० फूट) म्हणजे जवळपास ३३०० फूट. बेरीज ५४०० फूट : तुमच्या इंजिनाला आणि पंखांना कोल्हापूर त्या दुपारी एवढं उंच वाटतं. टेकऑफचं अंतर ॲपवरून नव्हे, विमानाच्या हँडबुकातल्या तक्त्यावरून काढा आणि त्यावर निम्मं वाढवून धरा. तक्ता कारखान्यातून नुकत्याच आलेल्या विमानाचा असतो.

प्रश्न : टॅबलेट दुपारी मध्येच बंद पडतो. (जयसिंगपूर)

उत्तर : ॲपल आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतचं भोवतालचं तापमान सांगतं. काचेखालच्या कॉकपिटमध्ये ते जमिनीवरच ओलांडलं जातं. जाड कव्हर काढा, चार्जिंग उडण्यापूर्वी संपवा, उजेड कमी ठेवा आणि टॅबलेट विंडस्क्रीनला चिकटवण्याऐवजी मांडीवर सावलीत घ्या. घेताना सेल्युलर मॉडेलच घ्या. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. सिम घालायची गरज नाही. नकाशे घरूनच उतरवून ठेवा आणि एअरप्लेन मोडमध्ये उघडून खात्री करा. फोनवर तेच ॲप, आणि हेडिंग-वेळांचा एक कागद, दोन्ही हवेत.

प्रश्न : ॲपमधलं ‘फाइल’ बटण दाबलं की फ्लाइट प्लॅन गेला, असं समजायचं का? (राजारामपुरी)

उत्तर : नाही. प्लॅन निघायच्या वेळेच्या किमान ६० मिनिटं आधी आपल्या यंत्रणेकडे पोहोचलेला हवा. मग मुंबईच्या उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षण परवानगीचा एडीसी क्रमांक मिळतो. दोन्ही कागदावर लिहून घेतल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, टॉवर ते विचारतोच. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर वेळ बदलल्याचा संदेश पाठवा. नोटाम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) निघायच्या दिवशी पुन्हा उघडा. विमानतळाच्या वेळा वाढल्या-घटल्या तर ते तिथेच येतं, आणि नजरेच्या उड्डाणाला सूर्यास्तानंतर २० मिनिटांपलीकडे मुभा नाही. परतीची वेळ त्यावरून मागे मोजत या.