एसीचा कॉम्प्रेसर गेला असे सांगितले तर दुरुस्ती करावी, कॉम्प्रेसर बदलावा की नवा एसी घ्यावा?

आपल्या प्रश्नातील हकीकत थोडक्यात अशी आहे: आपला स्प्लिट एसी आठ वर्षे जुना आणि इन्व्हर्टर नसलेला आहे, बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो पण खोली गार होत नाही, आणि मेकॅनिकने कॉम्प्रेसर गेल्याचे सांगून नव्या एसीच्या जवळपास निम्म्या रकमेचा अंदाज दिला आहे. मी बरीच वर्षे एसी दुरुस्तीचेच काम करतो. माझे पहिले सांगणे असे की, कॉम्प्रेसर खरोखर निकामी झाला आहे हे आपल्यासमोर मोजून दाखवले जाईपर्यंत या अंदाजाला होकार देऊ नये.

कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून यंत्रात फिरवणारा भाग. घरगुती एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर आणि पंप हे दोन्ही वेल्डिंगने बंद केलेल्या एकाच पोलादी डब्यात असतात. त्यामुळे आतला भाग बिघडला तर जागेवर दुरुस्ती होत नाही. कॉम्प्रेसर बदलावाच लागतो. डबा कापून वाइंडिंग (मोटरमधील तारेची गुंडाळी) नव्याने भरून देणारे कारागीर असतात, परंतु आत राहिलेला ओलावा, कचरा आणि झिजलेले भाग यांमुळे असा कॉम्प्रेसर किती दिवस टिकेल याचा भरवसा देता येत नाही, आणि तो पुन्हा गेला तर गॅस व मजुरीचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. म्हणून ‘कॉम्प्रेसरची दुरुस्ती’ असे जे म्हटले जाते, ती प्रत्यक्षात डब्याच्या बाहेरील भागांची दुरुस्ती असते, आणि ती कॉम्प्रेसर बदलण्याच्या मानाने फारच स्वस्त असते.

या बाहेरील भागांमध्ये कपॅसिटरचा, म्हणजे मोटर सुरू व्हायला आणि चालायला मदत करणाऱ्या विद्युत भागाचा, क्रमांक पहिला लागतो. पंखा फिरतो, कॉम्प्रेसर क्षणभर गुणगुणतो आणि बंद पडतो, हे लक्षण कपॅसिटर कमजोर झाल्यावरही दिसते आणि कॉम्प्रेसर आतून जाम झाल्यावरही दिसते, त्यामुळे केवळ आवाजावरून निदान करणे योग्य नाही. कपॅसिटरवर त्याची क्षमता छापलेली असते. समजा ३५ मायक्रोफॅरड (हे त्या क्षमतेचे एकक) लिहिले आहे आणि मीटरवर २४ दिसत आहेत, तर आधी तो बदलून पाहिला पाहिजे, कारण सर्वसाधारणपणे छापील आकड्यापासून पाच-सहा टक्क्यांपेक्षा अधिक फरक पडला की तो बदलावा असे मानतात. ही मोजणी आपण स्वतः करू नये, ही विनंती. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठलेला राहतो आणि त्याचा जबर झटका बसू शकतो.

त्यानंतर वाइंडिंगची तपासणी येते, आणि चुकीचे निदान सर्वाधिक इथेच होते असा माझा अनुभव आहे. कॉम्प्रेसरला कॉमन, रन आणि स्टार्ट अशी तीन टोके असतात. वाइंडिंग शाबूत असेल तर कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्ट या टोकांमध्ये मीटरवर दिसणाऱ्या दोन विद्युतरोधांची बेरीज रन-स्टार्ट या रोधाइतकी येते. उदाहरणार्थ पहिला २ ओहम आणि दुसरा ४ ओहम असेल, तर तिसरा ६ ओहमच्या जवळपास असला पाहिजे. कोणत्याही टोकापासून कॉम्प्रेसरच्या धातूच्या अंगापर्यंत मात्र वीज जाता कामा नये. ती जात असेल तर वाइंडिंग अंगाला टेकले आहे आणि कॉम्प्रेसर गेला, यात वाद उरत नाही. परंतु रन-स्टार्ट हा रोध बरोबर येतो आणि कॉमनपासून दोन्हीकडे काहीच दाखवत नाही, अशी स्थिती असेल तर घाई करू नये. कित्येक कॉम्प्रेसरमध्ये ओव्हरलोड प्रोटेक्टर (मोटर फार तापली की वीज तोडणारा भाग) डब्याच्या आतच असतो आणि तो उष्णतेने उघडला की असेच मोजमाप मिळते. कॉम्प्रेसर काही तास पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मग पुन्हा मोजावे. तापलेल्या अवस्थेत केलेल्या एकाच मोजणीवरून चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

तिसरी तपासणी क्लॅम्प मीटरची, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरची. चालू करताच कॉम्प्रेसर यंत्रावरील माहितीच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह खेचून बंद पडत असेल, आणि चांगला कपॅसिटर लावूनही तसेच होत असेल व येणारा वीजदाबही पुरेसा असेल, तर तो आतून जाम झाल्याचे मानता येईल. काहीच प्रवाह घेत नसेल तर वीज तिथपर्यंत पोहोचते का हे पाहावे, म्हणजे रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), वायर आणि टोकांवरचे जळके जोड. तो चालतो आहे पण पाटीवरील आकड्यापेक्षा बराच कमी प्रवाह घेतो, असे असेल तर बहुधा गॅस गळून गेला आहे. अशा वेळी खर्च गळती शोधून बंद करण्याचा आणि गॅस भरण्याचा असतो. (पंपाचे आतले भाग झिजले तरीही प्रवाह कमी दिसतो, म्हणून त्यासोबत गॅसचा दाबही पाहावा लागतो.)

आता कॉम्प्रेसर खरोखरच गेला आहे असे धरून खर्चाकडे पाहू. कॉम्प्रेसरची किंमत हा एकूण खर्चाचा फक्त एक भाग असतो. उरलेला गॅस काढून घेणे, जुना कॉम्प्रेसर सोडवून नवा ब्रेझिंगने (धातू वितळवून पाइप सांधण्याच्या पद्धतीने) जोडणे, फिल्टर ड्रायर (गॅसमधील ओलावा व कचरा अडवणारा भाग) आणि कपॅसिटर नवे घालणे, नायट्रोजनच्या दाबाखाली गळती तपासणे, व्हॅक्यूम पंपाने पाइपांतील हवा व ओलावा काढणे, आणि पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणे, हे सर्व त्यात येते. अंदाजपत्रकात ही कामे वेगवेगळी लिहून मागावीत. दुसरा कोणी याहून पुष्कळ कमी रक्कम सांगत असेल तर त्याने यांपैकी काय वगळले आहे हे विचारावे. बहुतेक वेळा नायट्रोजन आणि व्हॅक्यूम हेच वगळलेले असते, आणि नवा कॉम्प्रेसर लवकर जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. जुन्याचे वाइंडिंग जळाले असेल तर तेलात आम्ल तयार झालेले असते. ते धुऊन काढल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

तो का गेला, हेही मेकॅनिकला अवश्य विचारा. कॉम्प्रेसरची मोटर त्यातून वाहणाऱ्या गॅसमुळेच गार राहते, म्हणून गळतीमुळे गॅस कमी होऊनही एसी चालू ठेवला तर ती तापून जळते. बाहेरच्या युनिटची कॉइल (उष्णता बाहेर टाकणारी पाइपांची जाळी) धुळीने भरलेली असणे आणि वीजदाब वारंवार कमी असणे, ही दुसरी दोन नेहमीची कारणे. मूळ कारण तसेच राहिले तर नव्या कॉम्प्रेसरचेही तेच होईल.

वॉरंटीचा कागद शोधून ठेवा. कॉम्प्रेसरवरील वॉरंटी बाकीच्या यंत्रापेक्षा पुष्कळदा अधिक वर्षांची असते आणि ती अजून चालू असू शकते. मात्र तीत बहुधा फक्त सुटा भाग मिळतो, गॅस व मजुरी आपल्याला भरावी लागते.

आता आपल्या निर्णयाविषयी. घरगुती एसीचे आयुष्य साधारण १० ते १५ वर्षांचे धरतात. आठव्या वर्षी, वॉरंटी नसताना, खर्च नव्या एसीच्या निम्म्यावर जात असेल तर मी नवा घेण्याचा सल्ला देईन, विशेषतः दोन गोष्टींपैकी एक जरी असेल तर: आतल्या किंवा बाहेरच्या कॉइलला गंज चढून गळती सुरू झाली असेल, किंवा पाटीवर आर-२२ हा गॅस लिहिलेला असेल. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये हा गॅस जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आर-२२ च्या यंत्रात आर-४१०ए किंवा आर-३२ भरून चालत नाही, कारण त्यांचे दाब खूपच अधिक असतात आणि तेलही निराळे लागते. त्याउलट वॉरंटीत सुटा भाग मिळत असेल आणि दोन्ही कॉइल चांगल्या असतील, तर कॉम्प्रेसर बदलून घेणे हाच माझ्या मते शहाणपणाचा व्यवहार आहे. वर्षातून काही आठवडेच एसी लागत असेल, तर नव्या यंत्राच्या वीजबचतीतून त्याची किंमत भरून निघायला फार काळ लागतो, हेही हिशेबात धरावे.

नवा एसी घेतलाच, तर भिंतीतील जुने तांब्याचे पाइप तसेच वापरण्याचा आग्रह धरू नका. जुना कॉम्प्रेसर जळून गेला असेल तर त्याचे आम्लयुक्त तेल त्या पाइपांतही पोहोचलेले असते. ते नीट धुता येत नसतील तर नवे पाइप टाकण्याचा खर्च मान्य करावा.