गाडीतल्या एसीसाठी एफडी मोडू का?

सावद्याकडच्या एका भाऊंनी विचारलंय. सेकंडहँड ट्रॅव्हलर व्हॅन घेतली, आत बेड-किचन बसवून घेतलं, आता वर्षाला साधारण 22 रात्री गाडीतच काढायच्या म्हणतात, दिवाळीत राजस्थान, थंडीत सारंगखेड्याची यात्रा नि तोरणमाळ, मे महिन्यात मुलांना घेऊन लांब कुठेतरी. रात्री गाडीतला एसीही बॅटरीवर चालावा म्हणून दुकानदाराने 2,60,000 चं कोटेशन दिलंय: 400 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम बॅटरी 1,30,000, सोलर 800 वॉट 32,000, 3 केव्हीएचा इन्व्हर्टर 38,000, बाकी 60,000 कंट्रोलर, वायरिंग नि फिटिंगचे. पैसे केळीचे, 7 टक्क्यांच्या एफडीत आहेत, आणि मेव्हणे म्हणतात एवढं कशाला, घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा दोन ट्यूब्युलर, म्हणजे अ‍ॅसिडच्या बॅटऱ्या, टाका 32 हजारात.

भाऊ, खर्च करा, पण 1 लाखाच्या आसपासच. कोटेशन एवढं फुगलंय ते एका एसीमुळे, आणि गंमत अशी की एवढे पैसे घालूनही तो एसी रात्रभर चालत नाही.

हिशोब बघा. थेट बॅटरीवर चालणारा छोटा डीसी फ्रिज दिवसाला 0.7 युनिट, दोन पंखे रात्रभर पाव युनिट, लाइट, मोबाइल, लॅपटॉप, सकाळी चटणीपुरतं मिक्सर, आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी खातो ते, सगळं मिळून दीड युनिट. आता 1 टनाचा एसी तासाला सरासरी पाऊण-एक युनिट, म्हणजे आठ तासांचे सहा ते आठ. 400 एएचची 12 व्होल्टची बॅटरी 5 युनिटची, पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडं जातं, हातात येतात 4. म्हणजे दहाला लावला तर अडीच-तीनला बंद, मग पोरं घामाघूम. तेवढं भरायला दुसऱ्या दिवशी 800 वॉटची पॅनल टपावर सपाट पडलेली, मे महिन्यात आपल्याकडे 44-45 डिग्री, पॅनल त्याहून कितीतरी तापतं आणि तापलं की वीज कमी देतं, दिवसाला साडेतीन युनिट आले तरी खूप. त्यातून दीड युनिट बाकीच्या सामानालाच जातं, म्हणजे दुसऱ्या रात्री एसी आणखी लवकर झोपणार.

तुमच्या 22 रात्रींपैकी खरंच एसी लागेल अशा किती? सहा धरू. एसी सोडला तर 150 एएच लिथियम, 400 वॉट पॅनल, 1000 वॉटचा प्युअर साइनवेव्ह (घरच्या लाइनसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर यात सगळं भागतं, तुमच्याच दुकानदाराच्या भावाने लाख रुपयाच्या आत-बाहेर. वाचलेल्या 1,60,000 चं नुसतं व्याज वर्षाला 11,200, सहा रात्रींना वाटलं तर रात्रीला साडेअठराशे. त्यात एसी रूम घ्या ना भो, गाडी खाली लावा, आंघोळही नीट होईल!

एक वस्तू मात्र कोटेशनमध्ये नाही ती घाला, डीसी-डीसी चार्जर. गाडी चालताना इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरते, 30 अँपिअरचा असला तर तासाला 0.4 युनिट, चार तास चाललात की दिवसभराचं भरलं, ढग असो की झाडाखाली पार्किंग. तुम्ही रोज पुढे जाणारे लोक आहात, तुम्हाला सोलरपेक्षा हाच जास्त कामाचा.

मेव्हण्यांचं सगळंच चूक नाही. दुकानदार "4000 सायकल" (एकदा भरून रिकामी केली की एक सायकल) म्हणतो ते ऐकून लिथियम घेऊ नका, वर्षाला 22 सायकलने ते संपवायला 180 वर्षं लागतील, त्याआधी बॅटरी नुसत्या वयानेच जाईल. तरी मी लिथियमच म्हणतो, कारण ट्यूब्युलर एकेक 50 किलोच्या वर, अर्धीच वापरायची, बंद केबिनमध्ये गॅस होतो, आणि दहा महिने गाडी शेडमध्ये उभी असताना दर महिन्याला चार्ज केली नाही तर मेलीच. लिथियम अर्धी भरून ठेवली की पडून राहते, फक्त तापलेल्या पत्र्याखाली नको.

उरलेल्या पैशांचं म्हणाल तर तुम्हीच लिहिलंय की उन्हाळ्यात घरचं बिल साडेचार हजार येतं. मग सोलर आधी घराच्या छतावर. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 सबसिडी आहे, गाडीच्या टपाला एक रुपया नाही. फक्त सबसिडी नंतर खात्यात येते, आधी पैसे आपले घालावे लागतात, म्हणून ते 1,60,000 हाताशी हवेत. गाडीच्या लाखासाठी अख्खी एफडी मोडू नका, तिच्यावरच कर्ज घ्या, एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, पुढची केळी कटली की फेडून टाका.

नवीन कोटेशन मागताना पॅनलवर 12 टक्के जीएसटी लावलाय तो खोडायला लावा, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 आहे. आणि फिटिंग झालं की बिल घेऊन विमावाल्याकडे जा, हे सामान पॉलिसीत वेगळं लिहून घ्या.