तारीख कोर्टाची, घाई कोणाची?

प्रश्न : मी एका मोठ्या लॉ फर्मच्या लिटिगेशन विभागात, म्हणजे कोर्टातले खटले लढवणाऱ्या विभागात, चार वर्षं काम करते आहे. कोर्टात उभं राहायला मला मनापासून आवडतं. उलटतपासणीची तयारी करताना रात्र कधी सरते कळत नाही आणि त्या रात्रीबद्दल माझी तक्रारही नाही. पण आता सगळ्याच रात्री तशा झाल्या आहेत. वडिलांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकावर लॅपटॉप उघडून एका दाव्याला उत्तर म्हणून द्यायचा लेखी जबाब पुरा करत होते. पक्षकाराचे कागद ऑफिसात महिनाभर आधीच आले होते, हे मला नंतर कळलं. मैत्रिणी म्हणतात, लिटिगेशन सोड, एखाद्या कंपनीच्या लीगल विभागात जा. मला कोर्ट सोडायचं नाही. कधी वाटतं, मीच कमी पडते आहे. माणसासारखं जगू देणारी लिटिगेशन फर्म असते का? असली तर ओळखायची कशी? मुलाखतीत विचारलं की सगळेच म्हणतात, ‘आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे.’
– एक वाचक

उत्तर : असते. मी अशा फर्ममध्ये काम केलं आहे, म्हणून खात्रीने सांगते. मोठ्या सुनावणीच्या आदल्या रात्री तिथेही उशिरापर्यंत दिवे चालू असत. एरवी आम्ही संध्याकाळी घरी असायचो.

आधी ‘मीच कमी पडते’ याबद्दल. अमेरिकेत २०१६ साली सुमारे १२,८०० वकिलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या २८ टक्के वकिलांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. दारूच्या घातक सवयीचं प्रमाण तर व्यवसायाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या वकिलांमध्ये सर्वांत जास्त होतं. एवढी माणसं एकाच वेळी कमी पडत नसतात. तुम्हाला झोप लागत नसेल, सकाळी ऑफिसच्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर नवी फर्म शोधण्याआधी डॉक्टरांना भेटा. हे पुढे ढकलू नका.

आता तुमच्या पत्रातलं ‘कागद महिनाभर आधीच आले होते’ हे वाक्य. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. लिटिगेशनमध्ये वेळ आपल्या हातात नसते, असं आपण सगळेच म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. तातडीचा मनाई हुकूम हवा म्हणून पक्षकार संध्याकाळी दारात उभा राहिला तर सकाळपर्यंत अर्ज तयार करावाच लागतो. जामिनाचं काम असलं तर बोलायलाच नको. पण अशी कामं एकूण कामात किती असतात? लेखी जबाबाची मुदत समन्स हातात पडतं त्याच दिवशी मोजता येते. अपिलाची मुदत निकाल लागला की कळते. लवादापुढच्या (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचापुढच्या) सुनावण्यांचं वेळापत्रक बहुतेक वेळा काही महिने आधी ठरलेलं असतं. तरीही शेवटच्या दोन रात्री जागाव्या लागतात, कारण कागद कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिले, पक्षकाराला कोणी फोन केला नाही, पार्टनरला मसुदा वाचायला सवड झाली ती शेवटच्या संध्याकाळी. ही घाई कोर्टाने केलेली नसते, ऑफिसात तयार झालेली असते. म्हणून मुदत कळली तो दिवस आणि काम ज्युनियरच्या हातात आलं तो दिवस, यांत किती अंतर पडतं ते बघा. फर्म निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघेन. नाव आणि पगार त्यानंतर.

ज्या बाईंच्या हाताखाली मी तयार झाले, त्यांच्या डायरीत प्रत्येक प्रकरणाला दोन तारखा असायच्या. कोर्टाची काळ्या शाईत आणि ‘आपली’ लाल शाईत, दहा दिवस आधीची. लाल तारखेला मसुदा त्यांच्या टेबलावर हवा, असा नियम होता. त्यांनी तो दुसऱ्या दिवशी वाचून परत द्यायचा, हा नियम त्या स्वतःलाही तितकाच लावून घेत. त्या फार गोड बोलणाऱ्या नव्हत्या. वाक्यरचना ढिली दिसली की सगळ्यांसमोर झापायच्या. पण माझ्या घरचं कार्य असो की आजारपण, ठरलेली रजा त्यांनी कधी मोडायला लावली नाही. तशी वेळच येत नसे.

तेव्हा मुलाखतीत ‘वातावरण कसं आहे’ हे विचारू नका. घडलेल्या गोष्टी विचारा. ‘तुम्ही अलीकडे दाखल केलेल्या लेखी जबाबाचा पहिला मसुदा मुदतीच्या किती दिवस आधी तयार होता?’ चांगल्या ठिकाणी याचं उत्तर लगेच येतं, कारण तिथे कोणीतरी ही नोंद ठेवत असतं. जिथे समोरचा माणूस घुटमळतो किंवा ‘आमच्याकडे सगळे फार समर्पित आहेत’ असं सांगतो, तिथे उत्तर तुम्हाला मिळालेलंच असतं. आणखी विचारा : एका प्रकरणात किती वकील असतात? फाइल माहीत असलेला दुसरा माणूस नसेल तर तुमची रजा कागदावरच राहणार, मग फर्म कितीही प्रेमळ असो. मोठी सुनावणी संपल्यावर पुढच्या आठवड्यात त्या टीमला काय काम देतात, हेही विचारा. सुनावणीच्या दिवसांत जीव तोडून काम करणं मला मान्य आहे, ते या व्यवसायाचं अंगच आहे. त्यानंतर श्वास घेऊ देतात की नाही, यावर माणूस टिकतो.

फर्म पक्षकारांना तासांवर बिल लावत असेल तर एका वकिलाला वर्षाला किती तासांच्या बिलाचं लक्ष्य देतात, तो आकडा विचारा आणि गणित स्वतः मांडा. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने १९५८ साली वकिलांना वेळेची नोंद ठेवायचा सल्ला दिला, तेव्हा वर्षाला सुमारे १,३०० तासांचं बिल होईल असं गृहीत धरलं होतं. आज तिथल्या अनेक मोठ्या फर्म १,८०० ते २,००० तास मागतात. वर्षात ४८ आठवडे आणि आठवड्याला पाच दिवस काम धरलं तर १,८०० तास म्हणजे रोज साडेसात तासांचं बिल. पण ऑफिसातला प्रत्येक तास बिलात जात नाही. कोर्टाबाहेर ताटकळणं, ऑफिसची बैठक, नव्या मुलाला समजावणं, कपाटातली फाइल शोधणं. चारातले तीन तास बिलात गेले, असं धरलं तरी रोज दहा तास बसावं लागतं. २,००० तासांना अकराच्या वर. हा हिशेब मांडून झाला की ‘समतोल’ या शब्दावर मुलाखतीत फार वेळ जात नाही. प्रकरणामागे ठरावीक फी घेणाऱ्या फर्ममध्ये हा जाच नसतो. तिथे एका माणसाच्या नावावर किती फाइली आहेत, ते विचारा. विम्याच्या दाव्यांचं काम करणाऱ्या ठिकाणी हा आकडा फार मोठा असू शकतो.

कामाच्या प्रकारानेही बराच फरक पडतो. अपिलाचं काम सगळ्यांत शांत. पुरावा झालेला असतो, रेकॉर्ड समोर असतं. वाचायचं, विचार करायचा आणि लिहायचं. पण तुम्हाला उलटतपासणी आवडते म्हणता, मग निव्वळ अपिलांत तुमचं मन रमणार नाही. लवादाचं काम कदाचित जुळेल : साक्षी-पुरावा असतो, सुनावणीचे आठवडे अतिशय दमवणारे असतात, पण ते आधी माहीत असतात. मनाई हुकूम आणि अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशासाठीचे) अर्ज यांवरच चालणाऱ्या फर्मपासून सध्या दूर राहा.

खरी माहिती कुठे मिळते? निम्मी तुमच्याजवळच आहे. चार वर्षं तुम्ही इतर फर्मच्या वकिलांशी समोरासमोर लढता आहात. संपलेल्या प्रकरणांच्या ईमेल उघडा. विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या ईमेल किती वाजता आल्या आहेत? रात्री दीडला एखादी आली तर काही बिघडत नाही. सगळ्याच तशा असतील तर थांबा. मुदतवाढ मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी आठवडाभर आधी मागितली की शेवटच्या दुपारी? पहिल्या तारखेला उभा असलेला ज्युनियर निकालापर्यंत तोच होता, की दर दोन-तीन तारखांना नवा चेहरा? कोर्टातल्या कारकुनांशी तुमचा चांगला परिचय असेलच. कोणत्या ऑफिसचे कागद नेहमी खिडकी बंद होताना येतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि जिथे जायचा विचार आहे त्या फर्ममधून बाहेर पडलेल्या एकाशी तरी बोला. ‘का सोडलंत’ असं विचारलं तर माणसं जपून बोलतात. ‘शेवटची ठरलेली सुट्टी पूर्ण घेता आली का’ असं विचारा.

एक काळजी मात्र घ्या. ज्या फर्मविरुद्ध तुमचं प्रकरण आज चालू आहे, तिच्याशी नोकरीची बोलणी गुपचूप सुरू करू नका. हितसंबंधांचा प्रश्न येतो आणि पक्षकाराचा विश्वास पणाला लागतो. वकिलांच्या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलचे किंवा तुमच्याकडे लागू असतील ते नियम आधी वाचा.

छोट्या फर्मबद्दलही सावध करते. मोठ्या फर्मला कंटाळलेले पुष्कळ जण एकाच सीनियरच्या चेंबरमध्ये जातात. तो सीनियर शिस्तीचा असेल तर त्यासारखं सुख नाही. नसेल, तर त्याचा सगळा गोंधळ झेलायला तुम्ही एकट्याच उरता.

मुलाखतीत सहाला घरी जायचं आहे, असं सरसकट सांगू नका. ‘वडिलांच्या तपासणीसाठी अमुक वारी दुपारनंतर मी उपलब्ध नसेन, बाकीचं नियोजन मी आधी करून देईन’ असं नेमकं सांगा. चांगला सीनियर ते डायरीत लिहून घेतो. लिहून घेतलं की नाही, तेही बघा.

प्रश्न : आमची सहा वकिलांची लिटिगेशन फर्म आहे. दोन चांगले ज्युनियर वर्षभरात सोडून गेले. पगार वाढवणं सध्या परवडत नाही. त्यांना थांबवायला काय करायला हवं होतं?
– एक वकील

उत्तर : वरचं उत्तर तुम्ही वाचलंच असेल, म्हणून थोडक्यात. येत्या सोमवारी चालू प्रकरणांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे दोन नावं लिहा. दुसरं नाव लिहिता येत नाही अशा फाइली कोणत्या, ते दिसेल. तुमच्या ज्युनियरांच्या रजा तिथेच अडकतात. मसुदा तुमच्याकडे आला की तुम्ही तो किती दिवसांत परत करता, याची महिनाभर नोंद ठेवा आणि ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. ज्या अर्जावर ज्युनियरने मेहनत केली तो त्यालाच चालवू द्या. कष्ट घेतलेल्या प्रकरणात उभं राहायला मिळालं तर तरुण वकील कमी पगारावरही थांबतात, हे मी खूपदा पाहिलं आहे. आणि जे दोघे गेले त्यांना फोन करा. ते सांगतील ते लिहून घ्या, मध्येच आपली बाजू मांडू नका.