वाचकांचे प्रश्न : अमेरिकन सात इंची सिंगल्स

सायकेडेलिक, फंक आणि प्रोग्रेसिव्ह रॉकच्या अनवट अमेरिकन सिंगल्सबद्दल (सिंगल म्हणजे प्रत्येक बाजूला एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण बरीच पत्रं त्याच एका ठिकाणी अडलेली दिसली.

प्रश्न : थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स या बँडची 'यू आर गॉना मिस मी' ही 1966 ची सिंगल घ्यायची आहे. एकाकडे ती 'कॉन्टॅक्ट' लेबलवर आहे, दुसऱ्याकडे 'इंटरनॅशनल आर्टिस्ट्स'वर. किमतीत मोठा फरक आहे. ओरिजिनल कुठली? आणि नकली माल ओळखायचा कसा? (नाशिक)

उत्तर : दोन्ही 1966 च्याच आहेत आणि दोन्ही अस्सल असू शकतात. रेकॉर्ड आधी टेक्सासमध्ये कॉन्टॅक्टवर निघाली. मागणी वाढल्यावर ह्यूस्टनच्या इंटरनॅशनल आर्टिस्ट्सने ती देशभर नेली आणि ती बिलबोर्डच्या यादीत 55 व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पहिली आवृत्ती मोजक्या गावांत विकली गेली, दुसरी देशभर, आणि किमतीतला फरक तिथून येतो. अमेरिकन सिंगल्समध्ये ही साखळी नेहमी दिसते. मूव्हिंग साइडवॉक्स या बँडची 'नाइन्टीनाइन्थ फ्लोअर' 1967 मध्ये आधी टँटारा या छोट्या लेबलवर आली, मग न्यूयॉर्कच्या वाँडने उचलली. गाणं ऐकायचं असेल तर दुसरी आवृत्ती बिनधास्त घ्या. पहिलीचे जास्तीचे पैसे मोजायचे असतील, तर मोजण्याआधी रन-आऊट वाचायला शिका.

रन-आऊट म्हणजे शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधली गुळगुळीत पट्टी. तबकडी टेबललॅम्पखाली तिरकी धरा आणि सावकाश फिरवा. एका विशिष्ट कोनात कोरलेली अक्षरं चमकून वर येतात आणि पुढच्या क्षणी नाहीशी होतात. सुईने हाताने कोरलेला नंबर असेल तर त्यात हाताची लकब दिसते : सातला मधून आडवी रेघ, चार वरून उघडा, एखादा आकडा खोडून पुन्हा लिहिलेला. ठशाने उमटवलेली अक्षरं मात्र सारख्या उंचीची आणि सारख्या खोलीची असतात. जे दिसेल ते जसंच्या तसं कागदावर उतरवा, रेघा आणि त्रिकोणसुद्धा.

या खुणांवरून कारखाना कळतो. वर्तुळात 'एमआर' असेल तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्कची. त्याच्याच जवळ छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा असतो. दुसऱ्या बाजूला तोच आकडा 'एक्स' लावून येतो. हे आकडे क्रमाने वाढत गेले, त्यामुळे शेजारच्या आकड्यांच्या रेकॉर्ड्सवरून महिन्याचा अंदाज बांधता येतो. आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या कस्टम विभागात, म्हणजे बाहेरच्यांसाठी पैसे घेऊन, दाबलेल्या खासगी सिंगलवर नंबराचं पहिलं अक्षर वर्ष सांगतं : 'टी4केएम' म्हणजे 1966, 'यू' म्हणजे 1967, 'डब्ल्यू' म्हणजे 1968; मधलं 'व्ही' हे अक्षर वापरलेलंच नाही. लेबलवर आणि रन-आऊटमध्येही पाच आकडी नंबर असेल, तर सिनसिनाटीच्या राइट रेकॉर्ड्सचा विचार करा. गावोगावचे गॅरेज बँड आणि चर्चची गायकमंडळी पैसे भरून तिथे थोड्या प्रती काढून घेत. बँडने लेबलचं नाव काहीही छापलेलं असो, कारखान्याचा नंबर खोटं बोलत नाही.

आता नकली माल. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि लेबलवरची अक्षरं पाहा. मूळ छपाईत अक्षर एकसंध शाईचं असतं. जुन्या लेबलवरून स्कॅन करून छापलेलं अक्षर भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांचं दिसतं आणि कडा विरघळल्यासारख्या होतात. लेबलवर छायाचित्र छापलेलं असेल तर त्यात मात्र मूळ प्रतीवरही ठिपके असतात, तिथे फसू नका. मग रन-आऊटचा नंबर खात्रीच्या ओरिजिनलच्या फोटोशी जुळवा. नंबर तोच असून अक्षराचं वळण वेगळं असेल तर नवा साचा कापला गेला आहे. तिसरी खूण कानाची : तबकडी आरशासारखी स्वच्छ आहे, तरी गाणं सुरू होण्याआधीच टक्-टक् आणि खरखर ऐकू येते. त्याचा अर्थ हा साचा टेपवरून कापलेला नाही, कुठल्या तरी वापरलेल्या रेकॉर्डवरून कापला आहे आणि तिचे ओरखडे यात कायमचे उतरले आहेत.

अधिकृत पुनर्मुद्रणं यात मोडत नाहीत. ह्यूस्टनच्या कॅशमिअर हायस्कूलचा स्टेज बँड घ्या. कॉनरॅड जॉन्सन या शिक्षकाने शाळकरी मुलांकडून काय फंक वाजवून घेतलं आहे! त्यांच्या मूळ प्रती हाती लागणं कठीण, पण 2006 मध्ये नाऊ-अगेन या लेबलने ते रेकॉर्डिंग रीतसर पुन्हा काढलं. असं पुनर्मुद्रण अभिमानाने संग्रहात ठेवावं. विकताना मात्र ते पुनर्मुद्रण आहे हे सांगावं.

प्रश्न : दोन सिंगल्स दिसायला सारख्याच काळ्या, पण एक हातात हलकी लागते आणि आवाजही चरचरतो. धुऊन फरक पडला नाही. काय बिघडलं? (कोल्हापूर)

उत्तर : हलकी आहे ती बहुधा व्हायनिलची नाहीच, पॉलिस्टायरिनची आहे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतल्या कित्येक कारखान्यांत सिंगल्स दाबून न काढता वितळलेलं स्टायरिन साच्यात सोडून ओतत. ओळखायला सोपं : तबकडी ताठ असते, नखाने टिचकी मारली तर आवाज पातळ आणि टणक येतो, आणि लेबल नंतर गोंदाने चिकटवलेलं किंवा थेट प्लास्टिकवर छापलेलं असतं. व्हायनिलमध्ये लेबल दाबतानाच अंगात बसतं. लवचीकपणा बघायला स्टायरिन वाकवू नका, तडा जाईल.

स्टायरिन नवं असताना आवाज सुरेख देतं, पण जड सुई त्याला सोसत नाही. पाच-सहा ग्रॅम दाबाच्या जुन्या प्लेअरवर ते काही वेळा वाजलं की खाचेच्या भिंती झिजतात आणि गायकाचे 'स' फाटतात. रेडिओ स्टेशनवर गाण्याची सुरुवात शोधायला तबकडी मागे-पुढे फिरवत, म्हणून पहिल्या काही सेकंदांतच सूंऽऽ असा आवाज येतो. हे घाण नसून झीज आहे, धुऊन जात नाही.

एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. झीज खाचेच्या एका ठरावीक उंचीवर झालेली असते. वेगळ्या आकाराची सुई भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते आणि कधी कधी न झिजलेला भाग तिला सापडतो. लंबवर्तुळाकार सुई फाटका आवाज देत असेल तर 0.7 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गोल सुई लावून ऐका, किंवा मायक्रोलाइन या बारीक आकाराची. दाब कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या भागाच्या) माहितीपत्रकात सांगितला आहे तेवढाच, साधारण दीड ते दोन ग्रॅम. गाणं मोनो असेल तर ॲम्प्लिफायर मोनोवर टाका. मोनो खाचेत संगीत आडव्या हालचालीत असतं. दोन्ही चॅनल एकत्र केले की उभ्या हालचालीतली खरखर एकमेकींना मारते.

धुण्याचं मिश्रण : व्हायनिलसाठी 750 मिली डिस्टिल्ड पाणी, 250 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. स्टायरिनसाठी अल्कोहोल वगळा, फक्त पाणी आणि थेंब. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर स्टायरिनला लागला तर खाचा तिथेच विरघळतात. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर त्याचा क्षार खाचेत बसतो. लेबलच्या मापाचं प्लास्टिकच्या डब्याचं झाकण मधोमध दाबून धरा म्हणजे कागद भिजणार नाही. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा, मायक्रोफायबरने टिपा आणि अर्धा तास उभं ठेवून वाळवा.

प्रश्न : अमेरिकन सिंगलचं मधलं भोक मोठं आहे, आमच्या प्लेअरची दांडी बारीक. प्लास्टिकची चकती बसवावी का? (ठाणे)

उत्तर : आरसीएने 1949 मध्ये ही तबकडी आणली तेव्हापासून भोक दीड इंचाचं, म्हणजे 38 मिलिमीटरचं. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या सात इंची रेकॉर्ड्सना छोटं भोक असे, म्हणून ही अडचण येते. भोकात दाबून बसवायची चकती व्हायनिलला चालते. स्टायरिनला नको, दाबाने कडेला चीर पडते. प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर, ठेवायचा धातूचा गोल अडॅप्टर घ्या. तो भोकात हलता कामा नये.

प्रश्न : अडॅप्टर घट्ट आहे, तरी ऑर्गनचे लांब सूर लाटेसारखे वर-खाली होतात. टर्नटेबल खराब आहे का? (पुणे)

उत्तर : टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, बघा. प्रत्येक फेरीला तो आत-बाहेर डोलत असेल तर भोक मध्यावर नाही. 54 मिलिमीटर त्रिज्येवर, म्हणजे गाण्याच्या शेवटाकडे, अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने सूर सुमारे 0.9 टक्के वर-खाली होतो. ढोलकीच्या तुकड्यात ते खपतं. लांब ओढलेल्या ऑर्गनमध्ये किंवा मेलोट्रॉन या टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डमध्ये कानाला लगेच टोचतं. म्हणूनच प्रोग्रेसिव्ह सिंगल घेताना हा दोष आधी विचारावा.

इथे मोठं भोक कामाला येतं. 38 पेक्षा मिलिमीटरभर लहान अडॅप्टर करून घ्या, तबकडी थोडी सरकवा, आर्म डोलायचा थांबला की लेबलवर पेन्सिलचा बारीक ठिपका देऊन ती जागा लक्षात ठेवा. भोक कानशीने मोठं करू नका, रेकॉर्डची किंमत तिथेच पडते.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. रेकॉर्डच्या मेळ्यात पेट्याच्या पेट्या असतात. काय बघून उचलायचं आणि पुण्याला कसं पाठवायचं? (एडिसन)

उत्तर : मोठी लेबलं आणि गाजलेली नावं भरभर मागे टाका. काउंट फाइव्हची 'सायकॉटिक रिॲक्शन' किंवा मीटर्सची 'सिसी स्ट्रट' उत्तम आहे, पण ती कधीही मिळेल. थांबायचं ते अशा लेबलवर ज्यावर छोट्या गावाचा पत्ता छापला आहे, गीतकार आणि निर्माता बँडमधलाच आहे आणि प्रकाशनसंस्थेचं नाव कधी ऐकलेलं नाही. फंकमध्ये 'पार्ट 1' आणि 'पार्ट 2' पाहा. तीन मिनिटांच्या बाजूत न मावणारी चाल कापून उलट बाजूला नेलेली असते आणि खुला ड्रमचा तुकडा बहुतेकदा दुसऱ्या भागात सापडतो. ए बाजू गोड प्रेमगीत म्हणून सोडून देऊ नका. बी बाजूला बँडने स्वतःला हवं ते वाजवलेलं असतं.

प्रोग्रेसिव्ह आणि लांब सायकेडेलिक गाण्यांत वेळ बघा. आयर्न बटरफ्लायचं 17 मिनिटांचं 'इन-अ-गडा-डा-विडा' सिंगलवर 2 मिनिटं 52 सेकंदांचं झालं. असं कापलेलं रूप अनेकदा एलपीवर कुठेच नसतं, आणि हेच सिंगल जमवण्याचं खरं कारण. पांढऱ्या लेबलच्या रेडिओ प्रतींवर 1968 नंतर बऱ्याचदा एकच गाणं एका बाजूला मोनो आणि दुसऱ्या बाजूला स्टिरिओ असतं. तिथे बी बाजूचं गाणं मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवून घ्या.

सात इंची व्हायनिल साधारण 40 ग्रॅमची. 40 रेकॉर्ड्स कव्हरसकट दोन किलोच्या आत बसतात, त्यामुळे येणाऱ्या माणसाच्या हातातल्या बॅगेतून आणणं सर्वांत सुरक्षित. टपालाने पाठवायच्या तर तबकडी छापील कव्हरच्या बाहेर काढा, नाहीतर वाटेत तिची कड कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठे लावा, एकाचे पन्हळ उभे आणि दुसऱ्याचे आडवे. कस्टम ड्यूटी किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. पाठवण्याचा खर्च स्वस्त पडला तर ड्यूटीही कमी.

प्रश्न : 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) दर्जाची म्हणून घेतलेली 1974 ची सिंगल चकचकीत आहे, पण सतत सूं-सूं करते. विक्रेत्याने फसवलं का? (नागपूर)

उत्तर : फसवलं असेलच असं नाही. त्याने नुसतं डोळ्यांनी पाहून दर्जा ठरवला असेल. 1973-74 च्या तेलटंचाईत व्हायनिल महाग झालं आणि परत आलेल्या रेकॉर्ड्स दळून पुन्हा वापरण्याचं प्रमाण वाढलं. त्यात जुन्या लेबलचे कागदाचे कण राहिले की आवाज पहिल्या दिवसापासून गढूळ असतो. पुढच्या वेळी 'वाजवून ठरवलं आहे का' हे लेखी विचारा. गोल्डमाइन या अमेरिकन संग्राहकांच्या मासिकाच्या प्रचलित पद्धतीत 'व्हीजी प्लस'ची किंमत 'निअर मिंट'च्या, म्हणजे जवळजवळ नव्या प्रतीच्या, निम्मी आणि साध्या 'व्हीजी'ची पाव धरतात. तुमची प्रत 'व्हीजी'च्या दरात बसते, तेवढा परतावा मागायला हरकत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कागदी कव्हरांवर बुरशी येते. लॅमिनेशन करावं का? (रत्नागिरी)

उत्तर : लॅमिनेशन नको, ओल आत कोंडली जाते. छापील कंपनी कव्हर आणि तबकडी वेगवेगळी करा. तबकडी नव्या पॉलिथिनच्या पिशवीत, जुनं कव्हर तिच्यामागे, आणि दोन्हींवर बाहेरची पॉलिथिनची पिशवी, तोंड वरून उघडं. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या घेऊ नका; त्यातला तेलकट अंश बाहेर येऊन तबकडीवर धुक्यासारखा डाग धरतो आणि तो निघत नाही. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला त्या गरम करून वाळवा. स्टायरिनच्या सिंगल्स आधी तपासा : चिकटवलेल्या लेबलची कड ओलीने उचलली जाते. कड उचललेली दिसली तर गोंद लावू नका. लेबलवर कोरडा बटर पेपर ठेवून, वर हलकं वजन ठेवून, दोन दिवस सपाट पडू द्या.